मनकर्णाबाईला ओळखणारा वकील

"तुमीच काय थे वकील? मले ओयखता थे?"

सुगत तायडेच्या हातात तेव्हा आलुबोंड्याची बशी होती आणि तोंडात अर्धा घास. अकोल्याच्या कोर्टातल्या कँटीनसमोर असले प्रश्न दिवसातून दहादा येतात. काळा कोट दिसला की लोक त्यालाच धरतात. त्यानं हातानंच 'थांबा' केलं आणि घास गिळला. समोरची बाई उंच, काटकुळी, पासष्टीच्या पुढची होती. डावी भुवई चिरत कपाळावर गेलेला एक जुना वण. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कोर्टाची नक्कल. तिनं कागद काढला, शेवटचं पान उलटलं आणि बरोब्बर त्याच्या सहीवर बोट ठेवलं. ग अक्षराखालून मागं ओढलेली लांब शेपटी. सही त्याचीच होती, त्यात वादच नव्हता. आणि सहीच्या वर टाइप केलेली एकच ओळ होती: पक्षकार मनकर्णाबाई यांना मी व्यक्तिशः ओळखतो.

"मी मनकर्णाबाई," ती म्हणाली. "पातूरकडची. अंगणवाडीच्या अफसाना मॅडमनं वाचून सांगतलं मले, का तुमी या वकिलासमोर अंगठा देल्ला. म्या म्हटलं बाप्पा, मी तं त्या दिवशी तापानं घरीच पडेल होती. पण कागद म्हणते का वकील मले ओयखते. तीन दिवस झाले तुमाले हुडकून राहिली. सांगा मंग आता, कोन हाय मी?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाला काय उत्तर द्यायचं ते वीस वर्षांच्या वकिलीत सुगत शिकला होता. ही बाई खरंच विचारत होती. कागदावर छापलंय म्हणजे या माणसाला ठाऊक असणार, अशा विश्वासानं. त्यानं बशी बाकावर ठेवली आणि तोंडाला आलं ते बोलला, "आजी, तुमचे वकील कोण आहेत? तुमचा वकील असताना मी तुमच्याशी परस्पर बोलणं बरोबर नाही. आमच्या धंद्याचा नियम आहे." नियम खराच आहे. पण खरा नियम असा ढालीसारखा पुढं करताना आपलेच कान गरम होतात, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बाई म्हणाली, "हाय न वकीलबाई, सरकारनं देल्ली. त्यायनंच धाडलं मले. म्हणे त्या वकिलानं खरं सांगतलं तं नागपूरले काम होते, नाईतं नाई होत." मग तिनं कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि कँटीनच्या कट्ट्यावर बसली, एसटीची वाट पाहत बसावं तशी.

ओळख देणं ही कोर्टातली रोजची उसनवारी. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर पटायचं नाही. शपथपत्र करायचं, तडजोडीचा कागद द्यायचा, तर अंगठा देणारा माणूस खरा तोच आहे असं एखाद्या वकिलानं लिहून द्यावं लागतं. आपला वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेला असतो, साहेब उठायच्या बेतात असतात, मग शेजारच्या टेबलावरून हाक येते, "जरा ओळख दे रे." आणि आपण देतो. वाचत नाही, विचारत नाही. उद्या आपल्यालाही लागणार असते. त्यात कोणाला पाप वाटत नाही. उलट जो देत नाही तो माणूसघाणा. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या लोकअदालतीला सुगतच्याच टेबलावर बसणारा वकील शेखर देशपांडे दुसऱ्या पॅनलसमोर उभा होता आणि तिथूनच त्यानं पेन हलवून खूण केली होती. चंद्रभान नावाचा शेखरचा कोणी एक पक्षकार आणि त्याची आत्या मनकर्णाबाई, वाटणीचा दावा, आपसात मिटलेला. आत्यानं तीन एकरातला आणि राहत्या दोन खोल्यांतला हिस्सा भाच्याला सोडलेला. सुगतनं सही केली. पॅनलवरच्या साहेबांनी 'समक्ष हजर, ओळख पटली' लिहिलं. दोन मिनिटं. त्या दिवशी अशी दीडशे प्रकरणं मिटली आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून फोटो काढला.

आता चंद्रभान म्हणत होता, आखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, खोल्या मोकळ्या कर. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. फसवणूक झाली असं दाखवून नागपूरला हायकोर्टात जायचं, एवढी एकच वाट. अंगठ्याचा तपास झाला होता. शाई पसरलेली, काही सांगता येत नाही, असा तज्ज्ञाचा अहवाल आला होता. आधारकार्डाची झेरॉक्स जोडलेली होती, तिच्यात तोंडाच्या जागी नुसता काळा डाग. राहिला तो सुगत. त्या दिवशी समोर कोण बाई उभी होती हे सांगू शकणारा, कागदावरचा एकमेव माणूस.

आणि त्याला आठवत नव्हतं. म्हणजे काहीच आठवत नव्हतं असंही नाही, हाच तर सगळा घोळ होता. बाररूममध्ये खुर्चीवर डोकं टेकून त्यानं डोळे मिटले. वर माळ्यावरून काढलेल्या कूलरला नवी ताटी बसवणं चालू होतं, ओल्या वाळ्याचा वास येत होता. त्या वासातून त्याला दुसराच एक वास आठवला, डोकेदुखीच्या मलमाचा. त्या बाईच्या अंगाला मलमाचा वास होता. पदर हिरवा होता. की जांभळा? हिरव्या बांगड्या होत्या म्हणून पदर हिरवा वाटतोय का? शाईच्या पॅडवर दाबलेला अंगठा त्याला दिसला, कोपरापर्यंतचा हात दिसला, पण हातावरून वर जायला गेलं की तिथं नुसता पदर. त्यानं पदर बाजूला केला तर आत सकाळची म्हातारी, कपाळावर वण असलेली. ती नको म्हणून पुन्हा पाहिलं तर वण नाही. मग पुन्हा आहे. अर्ध्या तासात त्या बाईचा वण चारदा आला आणि चारदा गेला. वीस वर्षं त्यानं उलटतपासणीत साक्षीदारांना हेच विचारलं होतं, 'तुम्हाला नक्की आठवतं की तुम्ही तसं समजता?' आणि साक्षीदार गोंधळला की न्यायाधीशाकडे पाहून बारीक हसला होता. तो प्रश्न आता त्याच्याच मानगुटीवर बसला होता. मनात येत होतं की हीच बाई आली असेल, आता उलटली असेल. बायका उलटतात, पुरुषही उलटतात. कागदावर विश्वास ठेवायचा तर तीच होती. पण कागद तर त्याच्याच सहीवर उभा होता ना? म्हणजे त्यानं आपल्याच सहीचा पुरावा स्वतःला द्यायचा?

शेखर चहा घेऊन शेजारी बसला. सगळं ऐकून घेतलं. शेखर वाईट माणूस नाही, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. अमरावतीहून आलेल्या, कोर्टात ना काका ना मामा असलेल्या सुगतला सहा महिने कोणी टेबल दिलं नव्हतं. आडनाव विचारून झालं की सगळ्यांची टेबलं एकदम भरलेली असायची. तेव्हा शेखरनं आपल्या टेबलाचा अर्धा भाग कपड्यानं पुसून दिला होता. "मलाही ठाऊक नाही रे ती कोण होती," शेखर म्हणाला. "चंद्रभाननं आणली, ही माझी आत्या म्हणाला. मी काय तिची जन्मपत्रिका पाहू? आणि मला एक सांग, तुझ्या किती पक्षकारांना मी ओळख दिली? त्यातला एक तरी मी तोंडानं ओळखतो का? तू उभा राहून म्हणशील मी ओळखत नव्हतो, तर तुझ्या एका वाक्यानं या खोलीतल्या प्रत्येकाची सही खोटी ठरते. आणि तुझं नोटरीचं? शिक्का आणायला जातोयस ना शनिवारी?" मग म्हणाला, "आठवत नाही म्हण. ते खरंच आहे. खरं बोलून मोकळा हो."

हे सुगतला इतकं सोयीचं वाटलं की तिथंच हो म्हणावंसं वाटलं. आठवत नाही. त्यात तसूभर खोटं नव्हतं. कोणतीही अदालत माणसाला तीन वर्षांपूर्वीचा चेहरा न आठवल्याबद्दल फाशी देत नाही. मग घशाशी काय अडकलं होतं ते त्याला कळेना. कँटीनमागून बाहेर पडताना त्यानं मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. म्हातारी कट्ट्यावर नव्हती. तरी तो लांबच्याच रस्त्यानं गेला.

शनिवारी तो अमरावतीच्या एसटीत बसला. बोरगाव मंजू गेलं, मूर्तिजापूर गेलं. शेजारी एक बाई बसली होती आणि तो तिचं तोंड पाहत होता. ओठाजवळ तीळ, कानात पितळी कुडी. पाठ करत होता, उद्या कोणी विचारलं तर सांगता यावं म्हणून. बाईनं पदर ओढून घेतला आणि खिडकीकडे सरकली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या जागी आपण असतो तर आपणही सरकलो असतो असं वाटून तो डोळे मिटून बसला, आणि मिटल्याबरोबर हिरवा पदर, हात, शाई. बडनेरा येईपर्यंत पदर जांभळा झाला होता.

जैनुद्दीनचाचांचं दुकान जयस्तंभ चौकाच्या मागच्या गल्लीत. कोर्टकचेऱ्यांचे पितळी शिक्के त्यांनी हयातभर कोरले. सुगतच्या नोटरीचा शिक्का त्यांनीच करायचा हे किसनरावांनी, म्हणजे सुगतच्या वडिलांनी, प्रमाणपत्र यायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. चाचांनी कोऱ्या कागदावर शिक्का दाबून दाखवला. कागद फुगून वर आला आणि त्यात सुगतचं नाव गोल फिरलं. "एकदम साफ ठप्पा आया है, वकीलसाब. अब जहाँ मारोगे, बात पक्की," चाचा म्हणाले. सुगतनं त्या उठावावरून अंगठा फिरवला. त्यानं शिक्का रुमालात गुंडाळला आणि बॅगेच्या तळाशी ठेवला.

किसनराव फ्रेझरपुऱ्यातल्या घरी दारात खुर्ची टाकून बसले होते. वय त्र्याऐंशी. चौतीस वर्षं कोर्टात बेलिफ, म्हणजे समन्स घेऊन गावोगाव जाणारा माणूस. अंजनगाव सुर्जीकडचा सगळा भाग त्यांनी सायकलवर तुडवला होता. ते कधी झाडाखाली बसून 'बजावले' असं लिहीत नसत. ज्याच्या नावाचा कागद त्याला समोर उभा करायचे, तोंडाकडे पाहायचे आणि तीन सवाल विचारायचे. बापाचं नाव काय, घरासमोर कोण राहतं, पाणी कुठल्या विहिरीचं. तिन्ही जुळले तरच कागद हातात. एकदा सरपंचानंच बोट दाखवून हाच तो म्हटलं, तरी विहिरीचं नाव चुकलं म्हणून किसनराव कागद घेऊन परत आले होते. ही गोष्ट घरात इतकी सांगून झाली होती की सुगतला तिचा कंटाळा होता.

किसनरावांनी शिक्का दोन्ही हातांनी घेतला. वर्तमानपत्राच्या कडेला दाबला, भिंगातून वाचला, पुन्हा दाबला. त्यांचे डोळे भरून आले होते. "आमच्या हातात जन्मभर दुसऱ्याचे शिक्के," ते म्हणाले. "हा घरचा." आणि त्याच क्षणी, खरं तर अगदी चुकीच्या क्षणी, सुगतनं त्यांना सगळं सांगितलं.

"तोंड पाह्यलं होतं काय तिचं?" किसनरावांनी विचारलं.

"आठवत नाही, बाबा."

"मी काय इचारलं? आठवते काय असं नाही इचारलं. पाह्यलं होतं काय? आठवत नाही अन् पाह्यलं नाही, हे दोन येगयेगळे हायेत."

सुगतच्या घशाशी अडकलेलं काय ते आता निदान दिसलं तरी. त्यानं पाहिलंच नव्हतं. म्हणूनच आठवणीत हातच होता फक्त. तीन दिवस तो आपल्या डोक्यात एक चेहरा शोधत होता, जो तिथं कधी ठेवलेलाच नव्हता. "नाही पाहिलं," तो म्हणाला.

"मंग तसं सांग," म्हातारा झटक्यात बोलून गेला. आणि बोलल्यावर त्यांची नजर मांडीवरच्या शिक्क्याकडे गेली. "हा परत घेतीन काय थे?"

"घेऊ शकतात. वकिलीची सनदही जाऊ शकते काही दिवस."

समोरच्या रस्त्यावरून एक माणूस सायकलला गॅसची टाकी बांधून चालला होता, तो वळेपर्यंत किसनराव त्याच्याकडे पाहत राहिले. मग हळूच, पोराकडे न पाहता म्हणाले, "मंग थांब थोडं. घाई काहून करतं? म्हातारी हाय थे. किती जगन?"

सुगतला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच कोणाच्या दारात बसलोय. ज्या माणसानं विहिरीच्या नावासाठी चौदा कोस सायकल परत फिरवली, तो हा? त्याला वडिलांचा राग आला, मग दया आली, मग लाज. कारण ते शब्द कानावर पडल्याबरोबर त्याच्या छातीवरचा दगड उतरला होता. साक्षात किसनराव बेलिफानं थांब म्हटलं होतं, आता कोणाच्या बापाला विचारायचं? तो पोटभर जेवला. परतीच्या गाडीत गाढ झोपला. मूर्तिजापूरला जाग आली तेव्हा तो हलकेपणा अजून अंगात होता आणि त्याला त्याची भीती वाटली. म्हातारी किती जगेल हा हिशोब त्याच्याही मनात होताच की. वडिलांनी फक्त मोठ्यानं म्हटला.

सोमवारी मनकर्णाबाई कट्ट्यावर होती. सुगत सरळ तिच्याकडे गेला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. अजूनही त्याला माफी मागायची होती की सुटका, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. तो तिच्या शेजारी बसला आणि तोंडातून भलतंच निघालं.

"तुमच्या बापाचं नाव काय?"

"गोविंदा," ती म्हणाली. तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही.

"घरासमोर कोण राहतं?"

"तानुबाई. रांडमुंड हाय माह्यासारखी. तिची बकरी रोज माह्या दारात."

"पाणी कोणत्या विहिरीचं?"

"चिंचेची इहीर. आता नळ आला, पण म्या सोडली नाई." मग तिनं मान तिरपी करून त्याच्याकडे पाहिलं. वण उन्हात चकाकला. "आता तुमी सांगा. तुमच्या बापाचं नाव?"

सुगतनं सांगितलं. किसनराव. कोर्टात बेलिफ होते. घरासमोर कोण, तर शकीला आपा, शिवणकाम करते. पाणी? पाणी नळाचं, पण लहानपणी गल्लीच्या टोकाला हातपंप होता, त्याला सगळे मिठा पंप म्हणत. बाई प्रत्येक उत्तराला 'हाव' म्हणत होती, मनात गाठ मारून ठेवल्यासारखी.

"मंग आता ओयखता न मले?"

"आता ओळखतो," सुगत म्हणाला. "तेव्हा ओळखत नव्हतो. सही केली तेव्हा मी त्या बाईच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं."

एवढंच. बोलून झाल्यावर आभाळ कोसळलं नाही आणि मन स्वच्छही झालं नाही. बाई रडलीही नाही. फक्त म्हणाली, "लिवून द्या मंग."

त्यानं शपथपत्र स्वतःच टाइप केलं. सात ओळी झाल्या. ती बाई ही होती किंवा नव्हती असं त्यानं कुठंच लिहिलं नाही, कारण ते त्याला आजही ठाऊक नव्हतं. कागद घेऊन तो शपथपत्राच्या खिडकीकडे निघाला तेव्हा बाररूमच्या दारात नेहमीप्रमाणे दोन-तीन जण उभे होते. "ओळख हवी का सर? आणा," म्हणून स्वप्निल नावाच्या एका नव्या वकिलानं पेनाचं टोपणही काढलं.

"वाच आधी," सुगत म्हणाला.

स्वप्निलनं वाचलं. पुन्हा वाचलं. टोपण परत बसवलं आणि म्हणाला, "सर, माझी आत्ता पुकार होईल." दुसऱ्याचा फोन वाजला, म्हणजे वाजला असं त्यानं दाखवलं. शेखर आत टेबलाशी बसला होता. दोघांची नजरानजर झाली. शेखरनं मान खाली घातली आणि टेबलाचा अर्धा भाग, सुगतचा अर्धा भाग, हातानं उगीचच पुसला. त्या पुसण्यात राग होता की निरोप, हे सुगतला कळलं नाही, आणि पुढंही कधी कळणार नव्हतं. त्याला गलबलून आलं. परत फिरावं असं वाटलं. पण मागं म्हातारी चालत होती, तिच्या चपलेचा एक अंगठा तुटलेला होता आणि ती पाय ओढत बरोबर येत होती.

खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता कागद ओढला. "वकीलसाहेब, तुमचंच शपथपत्र? ओळखीची सही कुठाय? ओळख कोण देणार?"

सुगतनं मागं बाररूमच्या दाराकडे पाहिलं. वीस वर्षं या इमारतीत घालवली, चहावाल्यापासून जिल्हा न्यायाधीशांपर्यंत सगळे नावानं हाक मारतात, आणि आपल्याला ओळखतो असं लिहून द्यायला आज एक माणूस नाही. त्याला हसू आलं, आणि रडूही. मग बाजूनं काटकुळा हात खिडकीत शिरला.

"मी ओयखतो न याले," मनकर्णाबाई म्हणाली.

"आजी, वकिलाची सही लागते. तुमची चालत नाही," कारकून खाली पाहतच म्हणाला.

"चालो का न चालो. तुमी लिवून तं घ्या. किसनराव बेलिफाचा पोरगा हाय थो, अमरावतीचा. घरासमोर शकीला राह्यते, कपडे शिवते. मिठ्या पंपाचं पाणी पेल्लेला हाय. तोंड पाहून सांगून राहिली मी. पाहा न तुमी बी."

कारकुनाचा शिक्क्यावरचा हात तसाच राहिला. त्यानं मान वर केली आणि पहिल्यांदाच सुगतच्या तोंडाकडे नीट पाहिलं.